क्लाइव्हने विकलेली पेन्शन

क्लीथॉर्प्स, ४ मार्च २०१९

क्लाइव्ह,

ख्रिसमसकार्ड सोडून माझ्या अक्षरातलं पाकीट आलं म्हणजे कोणीतरी गेलं असंच तुला वाटेल. कोणी गेलेलं नाही. डग आहे, मी आहे, आमचं तळलेल्या माशांचं दुकान आहे. अठ्ठावीस वर्षं आपण बोललेलो नाही, तरी दर डिसेंबरला तुझं कार्ड येतं आणि माझं जातं. कारण कार्ड न पाठवणं असभ्यपणाचं, आणि असभ्यपणा आपल्या आईच्या मुलांना जमत नाही. तुला लबाडी जमली, असभ्यपणा नाही जमला.

कामाचं बोलते. १९८६ साली तू मला एक पेन्शन विकलीस. आठवतं ना? आईच्या बाहेरच्या खोलीत, विम्याच्या कंपनीने दिलेली ब्रीफकेस मांडीवर घेऊन बसला होतास. सूट इतका नवा की खांदे तुझे नव्हते, सुटाचे होते. अर्धा तास तू 'भविष्य, भविष्य' करत होतास आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आईने चहा ओतला होता, केक कापला होता, तुझी ती पहिलीच विक्री होती. अशा वेळी 'हे नेमकं आहे तरी काय?' असं विचारणं बरं दिसत नाही. म्हणून मी सही केली. पलीकडच्या मिसेस हार्डकासलने केली, तिच्या बहिणीने केली. अख्ख्या गल्लीने भिडेपोटी सह्या केल्या आणि तू ती स्वतःची हुशारी समजलास.

तर त्या पेन्शनमध्ये आज अठ्ठावीस हजार पौंड आहेत. गेली कित्येक वर्षं बोनस शून्य. कंपनीचं नाव चौथ्यांदा बदललंय, पैसे मात्र जागचे हलत नाहीत. आता टोबी नावाचा एक पोरगा आमच्या मागे लागलाय. सल्लागार आहे. पँट घोट्याच्या वर, पायात मोजे नाहीत. म्हणतो, "हेझेल, तुमचे पैसे झोपलेत." मी म्हटलं, "बाळा, दिवसभर तळणीसमोर उभी राहिल्यावर मलाही झोप येते." त्याचं म्हणणं, सगळे पैसे काढून त्याच्या नव्या फंडात हलवायचे.

ठेवू की हलवू? एका ओळीत सांग. एकोणीस नोव्हेंबरला मी पासष्टची होते, त्याच्या आत ठरवायचंय. नवरा सत्तरीला आलाय, डगचा खुबा बदललेला आहे. त्याची स्वतःची पेन्शन आम्ही दुकानाच्या आगीनंतर नवी तळणी बसवण्यात घातली. दोन वर्षांनी दुकानाचा करार संपेल. मग सरकार देईल ते आणि हे अठ्ठावीस हजार, याखेरीज आमच्याकडे काही नाही.

सल्ला मागते आहे असं समजू नकोस. हे कागद ज्या भाषेत लिहिलेत ती भाषा बोलणारा तूच एक माझ्या माहितीत आहेस, एवढंच.

हेझेल

२९ मार्च

क्लाइव्ह,

एक ओळ मागितली होती, तू पाच पानं पाठवलीस. तुझ्या गच्चीतल्या लिंबाच्या झाडाशी मला काय करायचंय? स्पेनमध्ये ऊन असतं हे आम्हालाही माहीत आहे, टीव्हीवर दाखवतात. आणि 'इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहून भरून आलं' हे वाक्य लिहिताना हात थरथरला नाही का रे? डोळ्यात पाणी आणायची कला तुझी जुनीच. पूर्वी त्यावर तुला कमिशन मिळायचं.

शेवटच्या पानावर कुठे मुद्दा सापडला. 'ताई, काहीही झालं तरी हलवू नकोस. त्या जुन्या पॉलिसीत एक हमी आहे. पासष्टाव्या वाढदिवसालाच घेतलीस तर जन्मभर दर वर्षी दहा टक्के. आज बाजारात त्याच्या निम्मंसुद्धा कोणी देत नाही. हलवलीस की हमी गेली.'

असेलही. पण हे सांगतोय कोण? बाबांच्या दोस्ताला, सिरिलला, कारखान्याच्या पेन्शनमधून बाहेर काढणारा माणूस. सिरिलने बाबांच्या शवपेटीला खांदा दिला होता, क्लाइव्ह. तीस वर्षं भट्टीवर राबून त्याने ती पेन्शन कमावली होती. तू त्याला म्हणालास, "सिरिलकाका, कारखान्यावर कशाला अवलंबून राहायचं? स्वतःच्या पैशाचे स्वतः मालक व्हा!" आणि तो झाला मालक. म्हातारपणी सुपरमार्केटच्या गाड्या गोळा करत फिरला मालक. फसवलेल्यांसाठीच्या भरपाईचा चेक आला तेव्हा घ्यायला त्याची बायको तेवढी उरली होती. त्या कमिशनवर तू लाल गाडी घेतलीस आणि ती आईच्या दारात उभी केलीस. मी तुला काय म्हणाले होते ते आठवत असेलच. त्यातला एक शब्दही मागे घेतलेला नाही.

टोबी परवा परत आला होता, दुपारी दुकान बंद असताना. डगने माणुसकीने विचारलं, "काही खाणार का?" तर म्हणतो, "कॉड चालेल." इथे, हॅडॉक माशाच्या गावात! आमच्या काउंटरसमोर उभा राहून! डग म्हणाला, "पोरा, आम्ही हॅडॉक तळतो. कॉड हवा असेल तर लंडनला जा, तिकडच्यांना चव नसते." मग तो पोरगा हॅडॉक खाता खाता आम्हाला रंगीत आलेख दाखवत बसला. वर चढणारी रेघ त्याच्या फंडाची, आडवी पडलेली तुझी. ज्याला आपल्या ताटात काय पडलंय ते कळत नाही, तो आमच्या म्हातारपणाचा आलेख काढतोय!

तुम्ही दोघे एकाच माळेचे मणी. त्याला मोजे नाहीत, तुला लाज नाही, इतकाच फरक.

हेझेल

२० मे

क्लाइव्ह,

खरं निघालं. लिहिताना दात ओठ खाते आहे, पण खरं निघालं.

डगने कंपनीला फोन केला. तासभर पियानो ऐकवून झाल्यावर एक बाई आली. ती आधी म्हणाली असं काही नाही. मग म्हणाली थांबा. मग म्हणाली, हो, आहे. दर वर्षी दोन हजार आठशे पौंड, मरेपर्यंत. त्यासाठी पासष्टाव्या वाढदिवसालाच घ्यायला हवं, एक दिवस इकडे तिकडे झाला तर हमी रद्द. त्यांच्या कुठल्याही वार्षिक पत्रात हे कधी छापलेलं नव्हतं. आपण होऊन सांगतील ते कसले विमेवाले!

डगने फोन ठेवला आणि खुब्याचा विचार न करता स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. "हेझेल, तुझ्या भावाने आयुष्यात एकदा तरी खरं सांगितलं!" मग तो दुकानात जाऊन गिऱ्हाइकांना सांगत सुटला. "आमच्या बाईसाहेबांना दहा टक्के! जन्मभर!" पैशाबद्दल चारचौघांत बोलू नये हे डगला कळतं, पण त्या दिवशी त्याचं भान सुटलं. दर आठवड्याला मासे घेऊन जाणाऱ्या मिसेस ओल्डरॉइडला त्याने वर मटारचा वाटा फुकट दिला. टोबीला फोन करून सांगितलं, "आता आलास तर फक्त मासे खायला ये."

तुला आता आभार हवे असतील. मिळणार नाहीत. १९८६ साली तुला स्वतःलाही ते कलम माहीत नव्हतं, पैज लावते. बंद पडलेलं घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, म्हणून कोणी त्याला शाबासकी देत नाही.

आणखी एक विचारायचं होतं, सहज. मी सहासष्टाव्या वर्षी गेले तर डगला काय मिळतं? आणि पासष्टच्या आधीच गेले तर? कलम बघून नीट सांग. लिंबाची झाडं नकोत.

हेझेल

११ जुलै

क्लाइव्ह,

उत्तर पोचलं. पासष्टच्या आधी गेले तर भरलेले हप्ते परत, व्याजाची एक पेनी नाही. पेन्शन सुरू झाल्यावर गेले तर काहीच नाही, डगला रिकामा हात. ती हमी माझ्या एकटीच्या जिवावर आहे. दहा वर्षं जगले तर पैसे वसूल, त्यापुढे सगळा फायदा. आणि टोबीच्या फंडात हलवले तर दहा टक्के गेले, पण मी कधीही मेले तरी उरलेले सगळे डगचे. तू हे एका पानात लिहिलंस, सुधारतो आहेस.

पण खाली जे लिहिलंस त्याचा मला संताप आला. 'ताई, तुला बरं नाही का?' कोणी विचारलं होतं तुला? आपल्या घरात असं कोणी कोणाला विचारतं? बाबा सहा महिने खोकत होते तेव्हा आपण काय विचारायचो? चहा घेणार का, एवढंच.

नाही. बरं नाही.

स्वादुपिंड. कॅन्सर. एप्रिलमध्ये कळलं. डॉक्टरीण बाई चांगली आहे, नजर चुकवत नाही. म्हणाली, हा ख्रिसमस नक्की, पुढचा बहुतेक, त्याच्या पुढचा नाही. मी म्हटलं, "थँक यू." ती म्हणाली, "काही विचारायचंय?" मी म्हटलं, "गाडी कुठे लावायची ते आधी सांगितलं असतं तर दंड वाचला असता." बिचारी हसली नाही.

डगला माहीत नाही. त्याला वाटतं मी दात करून घेते आहे. दर दुसऱ्या बुधवारी जाते, परत येऊन तोंड धरून बसते. तो मला सूप करून देतो, फार गरम करतो.

तुला का सांगितलं ते ऐक, उगाच छाती फुगवू नकोस. ज्याच्याबद्दल काही वाटतं त्याला हे सांगता येत नाही. डगला सांगायचं म्हणून मी चारदा तोंड उघडलं. त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाले, व्हिनेगर संपलंय. त्याला कळलं तर तो त्याच दिवशी दुकान बंद करेल आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून बसेल. मग मला दीड वर्ष त्याच्या डोळ्यांकडे बघत मरावं लागेल. तुला सांगताना असलं काही होत नाही. तू रडलास काय, हसलास काय, मला फरक पडत नाही. त्या दृष्टीने तू सोयीचा आहेस.

हेझेल

२ सप्टेंबर

क्लाइव्ह,

फोन करत जाऊ नकोस. दोनदा डगने उचलला, तू दोन्ही वेळा ठेवून दिलास. त्याला वाटतं दुहेरी काचांच्या खिडक्या विकणारे आहेत. इथे येतो म्हणतोस ते तर डोक्यातूनच काढून टाक. तू दारात उभा दिसलास तर कोणीतरी मरायला टेकलंय हे मांजरालाही कळेल.

ऐक, आता खरी अडचण ही आहे.

पैसे हलवायला हवेत. वाढदिवसाच्या आत. दीड वर्ष जगणाऱ्या बाईने जन्मभराची हमी घेणं म्हणजे वेड्यांचा बाजार. कंपनी मला फार तर चार हजार देईल आणि बाकीचे गिळून बसेल. हलवले तर डगला सगळे मिळतील. त्यातून तो करार संपल्यावर तळणीसमोर उभा राहायचा थांबेल, एखादी छोटी खोली घेईल, तिला जिना नसेल. एवढंच मला हवंय.

पण डग हलवू देत नाही! रोज संध्याकाळी दुकान धुताना म्हणतो, "हेझेल, नव्वदीपर्यंत जगायचं हां. कंपनीला रडवायचं." त्याच्या डोक्यात आता दोन हजार आठशे बसलेत. आणि माणूस मूर्ख नाही. मी आपण होऊन म्हटलं की हमी सोडते, तर तो हातातला मॉप खाली ठेवेल, माझ्याकडे बघेल आणि विचारेल, "का?" त्या 'का'ला माझ्याकडे खोटं उत्तर नाही. एकेचाळीस वर्षांचा संसार आहे. मासा ताजा आहे की नाही हे तो वासावरून सांगतो, माझं खोटं तर तो झोपेत ओळखेल.

म्हणून कारण मूर्खपणाचं हवं. कोणीतरी मूर्ख सल्ला दिला आणि मी मूर्खासारखी भुलले, असं दिसलं पाहिजे. टोबी चालणार नाही. त्याला डगने आधीच हाकललंय, आणि टोबीवर मी विश्वास ठेवला हे शेंबडं पोरही मानणार नाही. पण भाऊ म्हटला की बाई भुलते, हे डगला पटेल.

तर तू मला पत्र लिही. डगला दाखवता येईल असं. लिही की तू कलम पुन्हा वाचलंस, तुझी चूक झाली, हमी ठिसूळ आहे, कंपनी बुडीत निघतेय, ताबडतोब हलव. तुझ्या जुन्या शब्दांत लिही. 'संधी' घाल, 'भविष्य' घाल. 'स्वतःच्या पैशाचे स्वतः मालक' हे तर घालच. सिरिलला जसं मधाचं बोट लावलं होतंस, तसंच लाव. आयुष्यभर पैसे घेऊन लोकांना वाईट सल्ले दिलेस, एक फुकट दे.

हेझेल

३० सप्टेंबर

क्लाइव्ह,

नाही म्हणतोस?

'ताई, इतक्या वर्षांत मी एकच गोष्ट बरोबर सांगितली आणि डगने ती मानली. तीही परत घेऊ? तुझ्या घरात माझं नाव एकदा तरी बरं निघालं होतं.' हे वाक्य मी तीनदा वाचलं. वाटलं, हा माणूस साठीला आला तरी त्याला अजून आईच्या खोलीत टाळ्या हव्यात.

तुझं नाव! तुझ्या नावाला इथे कोण विचारतो? मे महिन्यापासून चार महिने ते जरा उजळलं, तेवढ्यावर तुझं पोट भरलं? डग तुला शिव्या देईल म्हणून घाबरतोस. अरे, तो तुला अठ्ठावीस वर्षं शिव्याच देत होता, तुला ऐकू येत नव्हत्या म्हणून तू लिंबं पिकवत बसला होतास.

मला तुझ्या पाया पडायला लावू नकोस. पडणार नाही. गुडघे दुखतात आणि तुझी लायकी नाही.

नोव्हेंबर जवळ येतोय. हलवायला चार आठवडे लागतात असं टोबी म्हणतो. त्याला मी दुकानाबाहेर, बागेतल्या बाकावर भेटते. लोकांना काय वाटत असेल कोण जाणे. पोराला मी खरं सांगितलं. सांगावं लागलं, त्याशिवाय तो हमी सोडायचे कागद पुढे करायला तयार होईना. म्हणाला, "हेझेल, आता मी तुम्हाला ठेवाच म्हणायला हवं." मग दुखण्याचं ऐकलं आणि कागद पुढे केले. फी घेणार नाही म्हणाला. मी म्हटलं, "घे, आणि मोजे विकत घे."

एका उघड्या घोट्याच्या पोराला जे कळलं ते तुला कळत नसेल तर राहू दे. मी दुसरं काही बघते. पण मला दुसरं काही दिसत नाही, क्लाइव्ह. खरंच दिसत नाही. भीती वाटते.

हेझेल

८ नोव्हेंबर

क्लाइव्ह,

पैसे हलले. काल टोबीचा निरोप आला. माझ्यानंतर कोणाला द्यायचे त्या जागी डगचं पूर्ण नाव आहे, मी स्वतः दोनदा वाचून घेतलं.

तुझं पत्र झकास होतं. मी ते मुद्दाम काउंटरवर ठेवलं. डगने ते तळणीसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. 'स्वतःच्या पैशाचे स्वतः मालक' आलं आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. रांगेत सहा माणसं उभी होती. तो म्हणाला, "हा हलकट पुन्हा सुरू झाला! हेझेल, असल्या माणसाचं तू ऐकणार?" मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे, डग. त्याला कळतं त्यातलं." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. जीभ झडली नाही.

मग तो जे बोलला ते असं. "सिरिलच्या वेळी तूच याला दाराबाहेर काढलंस ना? आता म्हातारपणी भुललीस? तुझ्यासारखी मूर्ख बाई मी पाहिली नाही." एकेचाळीस वर्षांत तो मला असं बोललेला नाही. मी मान खाली घालून माशांना पीठ लावत राहिले. त्यानंतर चार दिवस त्याने माझ्याशी अबोला धरला. माझे मोजके दिवस उरलेत, त्यातले चार असे गेले. पाचव्या दिवशी त्याने न बोलता माझ्यासमोर सूप ठेवलं, फार गरम. मला रडू आलं. तो म्हणाला, "दात दुखतोय का?" मी हो म्हटलं.

तुझ्याबद्दल तो म्हणतो की तू या गावात पाय ठेवलास तर तुझी तंगडी मोडेल. तो मोडेलही. तुला हे सोसावं लागतंय, आणि आधी नाही म्हणूनही शेवटी तू ते पत्र लिहिलंस. मला तुझ्याबद्दल जे वाटायचं ते अजून वाटतं, सिरिलचं काही पुसलं गेलेलं नाही. पण त्याच्या शेजारी आता आणखी एक काहीतरी येऊन बसलंय. मला ते आवडत नाही, तरी ते आहे.

ख्रिसमसनंतर मी डगला सांगेन. नाही सांगितलं तरी त्याला दिसेलच, माझे कपडे आताच सैल व्हायला लागलेत. तो हिशेबात कच्चा नाही. एक दिवस तो ऑक्टोबरमधलं पत्र आणि एप्रिलमधले दात एकत्र ठेवेल, आणि त्याला कळेल की मी हमी का सोडली. मग तो तुला फोन करेल. फोन उचल. तो माफी मागायला लागला तर मागू दे, तुझ्या वाट्याला असं फारसं आलेलं नाही.

पण मी तुला जुलैमध्येच सांगितलं होतं हे त्याला कळता कामा नये. तू म्हण, ताईने नुसतं 'असं पत्र लिही' म्हटलं, मी लिहिलं, का ते मला ठाऊक नव्हतं. माझी पत्रं जाळून टाक, ही सगळी. मी मरणार हे तो सहन करेल, पैसे, खोली, सगळं सहन करेल. पण जे मी त्याला सांगू शकले नाही ते तुला सांगितलं, हे त्याला सहन होणार नाही. त्याला वाटू दे की मी कोणालाच सांगितलं नाही.

हेझेल